खोटी गाठ

तीस वर्षांनी महांतप्पा दारात आला तेव्हा रुद्रम्मा ज्वारी पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही. पांढऱ्या गाडीतून उतरलेला, केस काळे केलेला हा जाड माणूस कोण, हे तिला त्याच्या चालीवरूनच कळलं होतं. उजवा पाय जरा फेकत टाकायची त्याची सवय अजून गेली नव्हती.

"ओळखलं का, रुद्रम्मा?"

"ओळखलं की. बसा, साहेब."

तो कट्ट्याच्या कडेला रुमाल अंथरून बसला. नागूरवाडीच्या फाट्यावरची सूतगिरणी पंचवीस वर्षं बंद होती, ती त्यानं विकत घेतल्याचं सगळ्या गावाला ठाऊक होतं. आता तो स्वतःच्या तोंडानं सांगायला आला होता.

"मशीन सोलापूरच्या बंद गिरणीतनं आणल्यात. जुन्या हायत. नव्या मशीनला धागा तुटला की आपोआप सांधला जातो, आमच्याकडं हातानंच गाठ मारायची. पोरी चाळीस घेतल्या, बारावी झालेल्या. मोबाईल झकास चालवतेत, पण गाठ एकीलाबी येत न्हाय. शिकवणारं माणूस पायजे. तुमच्यासारखा हात ह्या भागात राह्यला न्हाय."

असले साठ हात तूच एका महिन्यात हाकलून दिले होतेस, असं रुद्रम्माच्या ओठांवर आलं होतं. तिनं सुपातला एक खडा वेचून बाहेर फेकला आणि विचारलं, "कवापासून येऊ?"

इतक्या लवकर होकार मिळेल असं महांतप्पाला वाटलं नसावं. तो खुशीत हसला. "म्या घरी म्हणलंच होतं, रुद्रम्मा मोठ्या मनाची बाई हाय. जुनं सगळं मातीत गेलं."

"गेलं की," रुद्रम्मा म्हणाली.

गाडीची धूळ खाली बसेपर्यंत ती तशीच बसून राहिली. मग आतल्या खोलीतून मल्लम्मा बाहेर आली. मल्लम्मा तिची धाकटी बहीण, बावन्न वर्षांची. गाडीचा आवाज आल्यापासून ती दाराआड भिंतीला पाठ लावून उभी होती. तिनं विचारलं, "अक्का, तू त्याच्या दारात जाणार?"

"जाणार."

"का?"

"बघशील."

मल्लम्मा चुलीकडं वळली. त्या दिवशी तिनं भाकरी केल्या त्या सगळ्या एका बाजूनं करपलेल्या निघाल्या.

या दोघींचा बाप, अप्पा, इरकली लुगडी विणायचा. मागाच्या खड्ड्यात पाय सोडून दिवसभर बसायचा आणि पोरींना मागाशेजारी बसवून एकच गोष्ट पुन्हा पुन्हा शिकवायचा, ती म्हणजे गाठ. दोन टोकं डाव्या अंगठ्याखाली एकावर एक धरायची, बोटावरनं एक फेरा घ्यायचा, त्याच फेऱ्यातनं दुसरा मागं ओढून घ्यायचा आणि ताण द्यायचा. अप्पाची गाठ इतकी बारीक बसायची की फणीतून जाताना अडकायची नाही, आणि कितीही हिसका बसला तरी सुटायची नाही. "लुगडं नेसणारीला गाठ दिसता कामा नये," तो म्हणायचा, "पण लुगडं टिकतंय ते गाठीवर." पुढं बाजारात मिलचं कापड भरलं, अप्पाचा माग मोडून सरपणाला गेला, आणि दोघी बहिणी फाट्यावरच्या नव्या गिरणीत लागल्या. बॉबिनीवरचं सूत मोठ्या कोनावर, म्हणजे शंकूसारख्या रिळावर, गुंडाळायच्या खात्यात. तिथं दर मिनिटाला धागा तुटायचा, दर मिनिटाला गाठ लागायची. मल्लम्माची बोटं अशी चालायची की बाकीच्या बायका काम थांबवून बघत राहायच्या.

मल्लम्माची जीभही तशीच चालायची. चौऱ्याण्णव साली गिरणीनं सुटीच्या वेळी बायकांची झडती घ्यायला सुरुवात केली, तीही पुरुष वॉचमनच्या हातून. तेव्हा बावीस वर्षांची ही पोरगी खात्याच्या मधोमध उभी राहून म्हणाली, "आजपासनं मशीन बंद." साठ बायका तिच्याभोवती जमिनीवर बसल्या. तीन दिवस, रोज पाळी सुटेपर्यंत बसल्या. कोनाचा एक धागा गिरणीबाहेर पडला नाही. लेबर ऑफिसर तेव्हा महांतप्पा होता. त्यानं दम दिला, गोडीनं सांगितलं, एकेकीच्या घरच्यांना बोलावलं. कुणी हललं नाही.

चौथ्या दिवशी घरी जाताना, गेटवरच्या झडतीत, मल्लम्माच्या पिशवीत दोन कोन सापडले.

ती ओरडून सांगत राहिली की मी ठेवले नाहीत. महांतप्पानं वॉचमनच्या स्टुलावर तिला उभं केलं, दोन्ही कोन सुतळीत ओवून तिच्या गळ्यात बांधले, आणि दुसऱ्या पाळीचे सगळे लोक आत जाईपर्यंत तिला तसंच ठेवलं. हायवेवरून जाणाऱ्या एसटीतले लोकसुद्धा खिडकीतून वाकून बघत होते. रुद्रम्मा धावत गेली तर दोघा जणांनी तिचे दंड धरून ठेवले. बसलेल्या बायका उठल्या त्या त्याच दिवशी. चोराच्या मागं बसायची कुणाची हिंमत होणार? महिन्याभरात साठच्या साठ कामावरून गेल्या. मल्लम्माचं लग्न ठरलेलं होतं, ते मोडलं. तेव्हापासून ती हायवेच्या रस्त्यानं कधी गेली नाही. कुठं जायचंच असलं तर बांधाबांधानं, शेताच्या आडोशानं. अप्पा त्याच पावसाळ्यात गेला.

बारा वर्षांनी वॉचमन सोमलिंग मरायला टेकला तेव्हा त्यानं रुद्रम्माला बोलावून घेतलं होतं. "साहेबानं कोन दिले," तो म्हणाला, "म्या पिशवीत टाकले. मला पोरं होती, बाई." तो मेला, आणि त्याच्याबरोबर साक्षही गेली. खरं सांगू शकेल असं एकच तोंड आता जगात उरलं होतं, आणि ते महांतप्पाचं.

रुद्रम्मा गिरणीत जाऊ लागली. चाळीस पोरी तिच्याभोवती कोंडाळं करून बसायच्या. नागूरवाडीच्या, तांड्यावरच्या, मुरूम गावच्या. पहिल्या दिवशी तिनं दोन टोकं हातात धरली, अंगठ्याखाली दाबली, एक फेरा घेतला आणि ताण दिला. दुसरा फेरा तिनं घेतलाच नाही.

गाठ दिसायला अगदी गाठीसारखी दिसत होती. बोटांनी ओढली तर सुटत नव्हती. पण मागावर धोटा सुरू झाला आणि हिसके बसू लागले की ती हळूच घसरणार हे रुद्रम्माला पक्कं माहीत होतं. धागा तुटणार, माग थांबणार, सोलापूरचे टॉवेलवाले आईबापावरून शिव्या घालणार. महांतप्पाची पहिलीच मोठी ऑर्डर, पहिलाच ट्रक, आणि गिरणीचं नाव बाजारात जन्मताच मरणार. हे सगळं ती तीन महिने मनात घोळवत होती आणि पोरींच्या बोटांवर बोटं ठेवून शिकवत होती. "असं. आता ताण द्या. शाब्बास."

पोरी जीव तोडून शिकल्या. सगळ्यांत झपाट्यानं शिकली समृद्धी, मेंढरं राखणाऱ्या घरातली, बारीक अंगाची पोरगी. सगळ्यांत कष्टानं शिकली वनमाला. तिचे हात शेतात राबून जाड झाले होते. संध्याकाळी घरी जाऊन ती ओढणीचे धागे काढून गाठी मारत बसायची, आणि सकाळी मूठभर गाठी रुद्रम्माला दाखवायची. "मावशी, आता बरोबर हाय का?"

"बरोबर हाय, पोरी."

एकदा समृद्धीनं एक गाठ दोन्ही हातात धरून हिसका दिला, आणि गाठ सुटली. तिनं कपाळाला आठ्या घातल्या. "मावशी, ही घसरतीय बघा."

"तू लई जोरानं ओढलीस."

समृद्धीनं तिच्याकडं जरा जास्तच वेळ पाहिलं. मग मान खाली घालून कामाला लागली. त्या संध्याकाळी घरी जाताना रुद्रम्माला वाटत होतं की कुणीतरी मागनं येतंय. तिनं दोनदा वळून पाहिलं. कुणी नव्हतं.

पहिला ट्रक गेला. वीस दिवसांनी सोलापूरहून फोन आला. महांतप्पा खात्यात शिरला तेव्हा त्याचा चेहरा काळानिळा पडला होता. हातात कोन होता, त्यातून सूत लोंबत होतं.

"मिनिटामिनिटाला माग थांबतोय म्हणतेत ते! गाठी सुटायल्यात! कुणाचा हाय हा कोन?"

कोनाच्या आतल्या बाजूला चिठ्ठी असायची, त्यावर काम करणारीचा नंबर. सतरा. वनमाला उभी राहिली.

रुद्रम्माचं काळीज त्या क्षणी खरंच उड्या मारत होतं. हेच बघायला ती आली होती. महांतप्पाचा घाम, त्याचा चढलेला आवाज. एवढा वेळ वाट बघून हे मिळालं होतं, आणि ते तिला गूळ खाल्ल्यासारखं गोड लागलं. पण तेवढ्यात महांतप्पा वनमालाच्या दंडाला धरून बाहेर निघाला.

त्यानं तिला गेटपाशी नेलं. हातात तो कोन दिला, दोन्ही हात वर करून धरायला लावला, आणि पाळी सुटेपर्यंत तिथं उभं राहायचं असं बजावलं. "सगळ्यांना दिसू दे, काम कसं करायचं न्हाय ते."

हायवेवरून एसटी गेली. कुणीतरी खिडकीतून मोबाईल काढला. वनमाला रडत नव्हती. ती समोर बघत होती आणि तिचे वर धरलेले हात हळूहळू खाली येत होते. ते खाली आले की वॉचमन म्हणायचा, "वर, वर."

रुद्रम्मा तिथवर गेली आणि थांबली. या वेळी तिचे दंड कुणीही धरले नव्हते. तरीही तिचे पाय पुढं पडेनात. काय बोलणार होती ती? गाठ माझी आहे, असं?

रात्री जेवताना ती बोलली. सगळं बोलली, पहिल्या दिवसापासून. मल्लम्मा ऐकत होती आणि हातातला घास हातातच होता.

"अप्पाची गाठ," मल्लम्मा शेवटी म्हणाली. तिचा आवाज इतका बारीक झाला होता की रुद्रम्माला पुढं वाकावं लागलं. "अप्पाची गाठ तू खोटी शिकवलीस? चाळीस पोरींना?"

"तुझ्यासाठी केलं म्या."

"माझ्यासाठी?" मल्लम्मा ताट सारून उठली. "मला त्यानं खोटंच चोर ठरवलं. तू तर पोरींच्या बोटात खोटेपणा घातलास, आन् त्यांना ठाऊकबी न्हाय. अक्का, मलाबी त्याचा सूड पायजे. तुझ्यापेक्षा जास्त पायजे. रोज सकाळी उठल्या उठल्या पायजे असतो मला. पण तो असा लपून घ्यायचा असता तर मीच कवाच घेतला असता. त्याची गंजी पेटवली असती, विहिरीत एंड्रीन टाकलं असतं. मला तो सगळ्यांसमोर पायजे. त्याच्या तोंडातनं पायजे."

"तो सांगायचा न्हाय."

"सांगंल. गरज पडली की सांगंल." तिनं हात धुतले. "उद्या टॉवेलवाले येणार म्हणलीस ना गिरणी बघायला?"

सकाळी मल्लम्मानं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. घरातून निघून ती बांधाकडं वळली नाही. सरळ हायवेला लागली. रुद्रम्मा तिच्या मागून चालत होती आणि तिला बहिणीची पाठ दिसत होती. ती पाठ अजिबात वाकलेली नव्हती, पण मुठी इतक्या आवळलेल्या होत्या की बांगड्या मनगटात रुतल्या होत्या.

खात्यात पोरी नुकत्याच आल्या होत्या. वनमालाही आली होती, तिचे डोळे सुजलेले होते. रुद्रम्मा मशीनपाशी उभी राहिली आणि तिनं एकदाचं सांगून टाकलं.

"गाठ खोटी हाय. म्या तशीच शिकवली, जाणून-बुजून. तुमच्या हातात काय चूक न्हाय."

मग वनमाला पुढं आली. "म्हंजे काल मी उभी राह्यले ते तुमच्यापायी?"

"व्हय."

वनमालानं हात उचलला. मारणार असं सगळ्यांना वाटलं, रुद्रम्मालाही वाटलं आणि तिनं तोंड वळवलं नाही. पण वनमालाचा हात हवेतच थांबला. ती मागं सरली आणि भिंतीकडं तोंड करून उभी राहिली.

"का केलंत?" समृद्धीनं विचारलं.

उत्तर मल्लम्मानं दिलं. ती दारात उभी होती. तिनं आपलं नाव सांगितलं, स्टूल सांगितलं, कोन सांगितले, सोमलिंगचं मरण सांगितलं. तिला फार वेळ लागला नाही. शेवटी म्हणाली, "म्या बसणार हाय इथं. एकटी बसले तरी बसणार. काल ज्या पोरीला उभं केलं तिच्यासाठी बी बसणार. तुम्ही बसायचं का न्हाय ते तुम्ही बघा. आमच्यावर रागवायचा तुम्हाला हक्क हाय."

ती खात्याच्या मधोमध, फरशीवर मांडी घालून बसली.

पोरी एकमेकींकडं बघत होत्या. मग समृद्धी म्हणाली, "मावशीचं मागनं बघू. आधी त्याचं." आणि तिनं मशीनचं बटण खाली दाबलं. एकामागून एक मशीन थांबत गेल्या. शेवटची मशीन थांबली तेव्हा बाहेरच्या लिंबावरचे कावळेसुद्धा ऐकू यायला लागले. वनमाला सगळ्यांत शेवटी बसली, रुद्रम्मापासून लांब, पण बसली.

अकरा वाजता महांतप्पा टॉवेलवाल्या दोघा व्यापाऱ्यांना घेऊन आला. दारातच थबकला. फरशीवर बसलेल्या चाळीस पोरी, मधोमध हिरवं लुगडं. त्यानं मल्लम्माला लगेच ओळखलं. त्याच्या तोंडाकडं पाहताना रुद्रम्माला ते स्पष्ट दिसलं, आणि ती आयुष्यभर ते विसरणार नव्हती. तो काही विसरला नव्हता. कधीच विसरला नव्हता.

"हे काय चाललंय? उठा! मशीन चालू करा!"

"मशीन चालू व्हईल," मल्लम्मा म्हणाली. "दोन गोष्टी हायत. गेटवर कुणालाबी उभं करायचं न्हाय आन् बाईच्या अंगाला पुरुषानं हात लावायचा न्हाय, हे लिहून भिंतीवर लावायचं. आन् दुसरं, माझ्या पिशवीत कोन कुणी ठेवले ते सांगायचं."

"कसले कोन? वेड लागलंय का?"

एक व्यापारी घड्याळाकडं बघत होता. "साहेब, आम्ही दुपारी हैद्राबादला निघणार. गाठीचं काय ते आज ठरलं नाही तर ऑर्डर दुसरीकडं देतो."

"दोन मिनिटं, शेठ. घरगुती भानगड हाय."

"घरगुती न्हाय," रुद्रम्मा पुढं झाली. "शेठ, गाठी सुटल्या त्या ह्या पोरींच्या चुकीनं न्हाय सुटल्या. म्या त्यांना खोटी शिकवली, ह्या माणसाला बुडवायला. खरी गाठ माझ्या बहिणीला येते. ती आजपासनं शिकवंल. पंधरा दिवसात तुम्हाला असा धागा मिळंल की हिसक्याला हलायचा न्हाय. पण हा खरं बोलेपर्यंत ती बोट लावणार न्हाय."

महांतप्पा तिच्याकडं वळला. "तू? तू केलंस हे?" त्याचा हात उचलला गेला. चाळीस मोबाईल एकदम वर झाले. त्यानं हात खाली घेतला.

मग त्यानं व्यापाऱ्यांकडं पाहिलं, मशीनकडं पाहिलं, भिंतीला खेटून उभ्या असलेल्या वॉचमनकडं पाहिलं. बोलला तेव्हा शब्द दातांतून आले.

"ठेवायला लावले होते. म्याच."

"मोठ्यानं," मल्लम्मा म्हणाली.

"म्या ठेवायला लावले!"

"का?"

"तू उठलीस तरच बाकीच्या उठणार होत्या. दुसरा उपाय नव्हता."

"म्या चोर होते का?"

महांतप्पाच्या गळ्याची शीर फुगली होती. "न्हाय."

"मोठ्यानं."

"न्हाय! नव्हतीस चोर! झालं समाधान?"

मल्लम्मा उठली. पदर झाडला. "झालं," ती म्हणाली आणि जवळच्या मशीनपाशी जाऊन दोन टोकं हातात घेतली. पहिली गाठ सुटली. दुसरी बसली.

संध्याकाळपर्यंत पोरींनी घेतलेला त्याचा व्हिडिओ नागूरवाडीतल्या प्रत्येक मोबाईलमध्ये होता. दोन दिवसांत तो उमरग्याला पोचला, महांतप्पाच्या मुलीच्या सासरी पोचला, सहकारी बँकेच्या निवडणुकीत त्याला पॅनेलप्रमुख करायला निघालेल्या माणसांपर्यंत पोचला. त्यांनी त्याचं नाव कापलं. त्याच्या घरचे त्याच्याशी बोलेनासे झाले असं गावात लोक बोलायचे. रुद्रम्मा ते ऐकायची आणि पुन्हा सांगायला लावायची. तो व्हिडिओ ती रोज बघायची, कधी कधी दिवसातून पाच-सहा वेळा, आणि "मोठ्यानं" या शब्दापाशी थांबवून पुन्हा मागं घ्यायची. तिची भूक काही भागत नव्हती. मल्लम्मानं मात्र तो एकदाही पाहिला नाही.

गिरणीनं रुद्रम्माला काढलं, ते बरोबरच होतं. मल्लम्मा आता रोज हायवेनं कामाला जाते. तिच्या पहिल्या अटीचा कागद खात्याच्या भिंतीवर लागला आहे. पोरींनी त्यांची युनियन केली आहे, समृद्धी तिची सेक्रेटरी आहे. पण बोटांना एकदा लागलेली सवय सगळ्यांची सुटली नाही. तिघींच्या गाठी घसरतच राहिल्या, कितीही शिकवलं तरी. युनियननं त्यांच्यासाठी दुसरं खातं मागितलं, दोघी तिकडं गेल्या. तिसरी वनमाला. तिनं काम सोडलं. आता ती मुरूमला कापडाच्या दुकानात असते.

एका रविवारी रुद्रम्मा तिच्या मुरूमच्या घरी गेली. आईनं पाणी दिलं, बस म्हणाली. वनमाला आतून बाहेर आली नाही. दाराच्या फटीतून तिची सावली दिसत होती. रुद्रम्मानं पाण्याचा तांब्या खाली ठेवला. "पोरी, त्याला म्या परत तसंच करीन. शंभरदा करीन. तुला न्हाय करायला पायजे होतं."

फटीतली सावली आत सरकली. रुद्रम्मा अर्धा तास बसली, मग उठून मुरूमच्या रस्त्यानं घरी चालू लागली.